फोनवर सोडलेलं उदक

धारमध्ये मी ज्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होते, ते गृहस्थ पैसे देताना पाणी सोडायचे. खरंखुरं पाणी. तांब्यातून उजव्या तळहातावर घ्यायचे, नोटेवर किंवा नाण्यावर ओघळू द्यायचे आणि म्हणायचे, "न मम." माझं नाही. मग ती ओली नोट समोरच्याच्या हातात. भाजीवाली असो, पुजारी असो, दारावरचा फकीर असो, सगळ्यांना सारखंच. भाजीवाली नोट पदराला पुसत कुरकुरायची, "मास्टरजी, सूखा नोट दिया करो. गल्ले में चिपक जाता है."

ते शिंपी होते. पूर्वज दरबाराचे तंबू शिवायला महाराष्ट्रातून आलेले. आता खाली दुकानात शाळांचे गणवेश आणि बायकांची पोलकी शिवली जायची, आणि नवरात्राच्या आधी आसपासच्या देवळांतल्या देवींची वस्त्रं. गल्ली त्यांना मास्टर म्हणायची, मी काका म्हणायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्यात. घरात पणजोबांच्या वेळचं मराठी आणि दुकानात मालव्याची हिंदी, अशा दोन जिभा ते एकाच वाक्यात चालवत. "काय गे, आज लवकर? बस जल्दी मिळाली वाटतं."

मी देवासची. वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी महाराष्ट्रातून आले, मी हिंदी शाळेत शिकले, मराठी वाचायला फार उशिरा लागले. ज्यांची मजुरी पडद्यावर 'खात्यात जमा' दिसते आणि हातात कधीच येत नाही, अशा लोकांसाठी आमची संघटना भांडते. उदयनगरकडच्या पाड्यांवर मला महिन्यातून अनेकदा जावं लागे. संघटनेची पत्रकं मी लिहिते. मला एकच सूर येतो, संतापाचा. इथं तो लागला तर लागू दे.

पहिल्या महिन्याचं भाडं द्यायला खाली गेले तर काकांनी तांब्या पुढं केला.

"पाणी सोड. न मम म्हण."

"काका, मी भाडं देतेय, दान नाही. आणि माडी गळते, ते आधी बघा."

"गळती बघतो. पण हातून सुटलं पाहिजे ना! तू नोट दिलीस आणि मन तिच्यातच ठेवलंस, तर भाडं पोचलंच नाही मजला. फिर क्या, तू वर बसून रोज मोजशील की म्हाताऱ्यानं किती घेतलं."

"ते मी पाणी सोडूनही मोजेन."

ते हसले. कौलं त्याच आठवड्यात बदलली. मी पाणी कधीच सोडलं नाही, आणि त्यांनी दर महिन्याला तांब्या पुढं करायचं सोडलं नाही.

घेणं आणि सांभाळणं यांत ते फार काटेकोर फरक करत. गल्लीतल्या बायका त्यांच्याकडं ठेव ठेवायच्या. कुणाच्या घरात नवरा पैसा टिकू देत नसे, तर कुणाच्या खात्यात रक्कम आली रे आली की बचतगटवाल्या कंपनीचा हप्ता आपोआप कापला जाई. मास्टर प्रत्येकीची ठेव तिच्याच पोलक्याच्या उरलेल्या कापडात गाठ मारून ठेवत. पत्र्याच्या पेटीत जांभळी, पोपटी, फुलाफुलांची गाठोडी. नाव कुठंच लिहिलेलं नाही. बाई आली की तिला कापड दाखवायचं, तिनं आपलं ओळखायचं. गाठोडं परत देताना ते पाणी सोडत नसत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "जे माझं नव्हतंच, त्याला न मम कसलं म्हणायचं?"

मग फोन आला. मुलानं पाठवला. दुकानात चौकटीचं चित्र लागलं, फोननं टिपलं की पैसे येतात ते, आणि शेजारी आलेली रक्कम ओरडून सांगणारा डबा. तो डबा काकांना अजिबात आवडला नाही. "कोणी किती दिलं ते चारचौघांत बोंबलतो. लाज नाही." त्यांनी अस्तराच्या दोन थरांत कापूस भरून त्याला गलेफ शिवला, वर बटणं लावली. डबा आतून गुदमरल्यासारखा पुटपुटायचा. गिऱ्हाइकं हसायची.

पहिला फोन पंधरवडाही टिकला नाही. फोनवरून पैसे पाठवायचे म्हणजे फोनवरच पाणी सोडलं पाहिजे, हे त्यांचं साधं गणित. दुरुस्तीवाल्यानं मागचं झाकण उघडलं आणि म्हणाला, "काकाजी, नहलाया क्या इसको?" काका गंभीरपणे म्हणाले, "थोडासा. देते समय." दुसऱ्या फोनला त्यांनी जाड प्लॅस्टिकची पिशवी शिवली, दुहेरी शिलाई मारून. पडदा दिसायचा, बोट चालायचं, पाणी वरून ओघळून जायचं. पिशवीची त्यांना फार ऐट होती.

मी त्यांच्याशी भांडायचे. पत्रकाच्याच भाषेत. म्हणायचे, काका, देवळाच्या दारात चौकटीचं चित्र चिकटवलंय, देव आता यंत्रातून घेतो आणि पावतीही देत नाही, हा व्यापार आहे. ते सुईत दोरा ओवत म्हणायचे, "घेणारा कसा घेतो ते त्याचं त्यानं बघावं. मला माझं सोडायचं आहे." मला या उत्तराचा राग यायचा. अजूनही येतो. सगळे लबाड या एका वाक्याच्या सावलीत बसलेले असतात.

त्यांच्या घराण्यात एक जुनी खंत होती. कुलदेवी तिकडे, महाराष्ट्रात. आजोबांनंतर कुणी गेलंच नव्हतं. घरातल्या टाकाची पूजा व्हायची, लग्नकार्यात तिच्या नावाचा विडा बाजूला निघायचा, पण "आमचं जाणं राहिलं" हे वाक्य त्यांच्या बोलण्यात दर चार दिवसांनी यायचं. एक दिवस मला खालून हाक आली.

"अगं ये, ऐक! काय शुद्ध बोलतो बघ."

फोनवर एक पुरुष होता. देवीच्या संस्थानातून बोलतो म्हणाला. दूर प्रांतांत गेलेल्या कुळांसाठी तिथं रोज अभिषेक होतो, घरबसल्या दर्शन, प्रसाद टपालानं. त्याचं मराठी खरोखर सुंदर होतं. "आपण", "कृपा असावी", "मातुःश्रींची इच्छा". एकही हिंदी शब्द नाही. आम्ही दोघंही असे ऐकत राहिलो जसे लोक गाणं ऐकतात. मला माझ्या जिभेची लाज वाटली. काकांचे डोळे भरले. त्यांनी छोटी रक्कम पाठवली, पाणी सोडून. काही दिवसांनी टपालानं कुंकवाची पुडी आली. झालं. आता शंका घेणं म्हणजे पाप.

मी म्हटलं होतं, "काका, कुंकू कुठूनही येतं."

"कुंकू येईल गे कुठूनही. ती भाषा कुठून येईल? आपल्या भाषेत इतकं गोड बोलून कोण फसवेल?"

आम्हां इकडच्या मराठी लोकांची ही चूक आहे, आणि ती आमचीच आहे. पुण्यातला माणूस असं कधी म्हणणार नाही, कारण त्याला रोज त्याच भाषेत फसवलं जातं. आमच्याकडं ती भाषा फक्त आईच्या तोंडून येते आणि देवाच्या पुस्तकातून. व्यवहार हिंदीत, भांडण मालवीत, पोलीस हिंदीत, बँक हिंदीत. मराठी बोलणाऱ्यानं आपल्याला लुबाडल्याचा अनुभवच नाही.

आता गेंदाबाईचं सांगते. मांडूच्या रस्त्यावरच्या एका गावची ही बाई काकांकडं काज-बटण आणि तुरपाई करायची. तिची मुलगी ममता हुशार. इंदूरला नर्सिंगच्या अभ्यासक्रमात नंबर लागला होता. फीची रक्कम गेंदाबाईनं काकांकडं ठेवली होती, तिच्या तपकिरी पोलक्याच्या कापडात. पण कॉलेज रोख घेईना. भरायची तर फोनवरूनच. गेंदाबाईच्या स्वतःच्या खात्यात टाकली तर हप्तेवाले गिळणार. म्हणून काकांनी तपकिरी गाठ सोडली, नोटा बँकेत नेऊन आपल्या खात्यात भरल्या आणि शेवटच्या तारखेच्या आत कॉलेजला पाठवायचं ठरवलं. रिकामं कापड त्यांनी घडी घालून पेटीत परत ठेवलं होतं.

मी त्या दिवशी उदयनगरला होते. संध्याकाळी परतले तर दुकान उघडं आणि मशीन बंद. काका पाटावर बसले होते. गेंदाबाई उंबऱ्यात.

झालं होतं ते असं. दुपारी त्या गोड माणसाचा फोन आला. देवीचा महाभिषेक चालू आहे, आपल्या कुळाचा संकल्प आत्ता सोडू. त्यानं फोनवर संकल्प सांगितला, काकांचं नाव, गोत्र, गाव, सगळं घालून. "यथाशक्ती दक्षिणा समर्पयामि म्हणा. आता उदक सोडा. आता पिन टाका." काकांनी तसंच केलं. प्लॅस्टिकवर पाणी पसरलेलं, त्या माणसानंच भरून पाठवलेला खालचा आकडा दिसेना. दिसावा असं त्यांना वाटलंही नाही, संकल्पात आकडा कोण बघतो? पिन टाकला. गलेफातल्या डब्यानं काहीच आवाज केला नाही, तो फक्त आल्याचं बोलतो. खातं रिकामं झालं होतं. काकांचं होतं नव्हतं ते आणि ममताची फी, दोन्ही.

मी ओरडले. कुणावर ते आठवत नाही, बहुतेक भिंतीवर. लगेच तक्रारीचा नंबर लावला, हिंदीत सगळं सांगितलं, आणि सकाळी आम्ही तिघं ठाण्यात सायबरच्या टेबलापाशी जाऊन बसलो. तिथला मुलगा तरुण होता, माझ्याच वयाचा, आणि भला होता. त्यानं संगणकात बघून सांगितलं, "काकाजी, आपने जल्दी कर दिया, अच्छा किया. कुछ पैसा आगे के खाते में रुका हुआ है. वापस आ सकता है." गेंदाबाई टेबलाजवळ सरकली.

मग तो टाइप करू लागला आणि विचारलं, "ये पैसा आपने अपनी मर्ज़ी से भेजा था?"

काका म्हणाले, "हाँ."

मुलाचे हात थांबले. "नहीं काकाजी, मतलब धोखे से लिया ना?"

"धोका झाला. पर दिया मैंने. उदक सोडलं, न मम म्हटलं. देवीच्या नावानं सोडलेलं परत मागता येत नाही, बेटा."

मी म्हटलं, "काका, देवीनं घेतलंच नाही! चोरानं घेतलं!"

"घेणारा कोण ते त्याचं त्यानं बघावं." तेच वाक्य. मला वाटलं आता या माणसाला हलवून जागं करावं.

ते हट्टी होते, निष्ठुर नव्हते. त्यांच्या हाताची बोटं मापाची फीत गुंडाळावी तशी हलत होती. मग त्यांना एक वाट सापडली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मी यथाशक्ती म्हटलं होतं. यथाशक्ती म्हणजे माझ्या शक्तीप्रमाणं. गेंदाची ठेव ही माझी शक्ती नव्हे. ते मी सोडलंच नाही, सोडूच शकत नाही. तू असं लिही, बेटा. माझं मी दिलं. हिचं चोरीला गेलं. हिचं तेवढं आणून दे."

मी हिंदीत समजावलं. मुलानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काकाजी, खाते में ऐसा नहीं होता. उसमें किसका कौन सा, ये अलग नहीं रहता. पैसा एक ही है. या तो पूरा धोखे से गया, या पूरा आपने दिया. आधा-आधा लिखूँगा तो केस ही नहीं बनेगा."

मी सरकारी टेबलांपुढं खूप वाक्यं ऐकली आहेत, पण इतकं खरं आणि इतकं क्रूर वाक्य ऐकलं नाही. त्या मुलाचा काही दोष नव्हता. पैसा असाच आहे आता. पेटीत तो जांभळा होता, पोपटी होता, तपकिरी होता, हात घातला की कळायचं हे कुणाचं. खात्यात तो बेरंगी पाण्यासारखा एकमेकांत मिसळतो आणि मग सोडला तर सगळाच सुटतो. ज्यांनी ही व्यवस्था बांधली त्यांनी सोय बघितली. एखाद्या माणसाकडं दुसऱ्याचं काही सांभाळायला असतं, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. यावर मी पुढं पत्रक लिहिलं. कुणी वाचलं नाही.

काका गेंदाबाईकडं वळले. हात जोडले. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं, आणि तिलाही. ती माफ करेल का. ती आपलं सोडेल का. आपल्याकडं अशा वेळी गरीब बाईनं "जाने दो, मास्टरजी" म्हणायची रीत आहे. म्हणजे ज्याच्याकडं सोडायला काहीच नाही त्यानंच सोडायचं. मला भीती वाटली की ही आता तेच म्हणेल.

गेंदाबाई म्हणाली, "मास्टरजी, आपने देवी को दिया होगा. मैंने नी दिया."

तिनं त्यांचे जोडलेले हात खाली केले.

"मेरी छोरी पढ़ी-लिखी है, उसका नंबर लगा है. देवी की फीस नी है वो, ममता की फीस है. आप झूठ नी बोलते, मालूम है. तो बोल दो आज. मेरे लिए बोल दो. पाप लगे तो मुझे लगे."

"तुला कशाला लागेल," काका मराठीत म्हणाले. तिला मराठी येत नव्हतं, पण कळलं असावं. त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले. संकल्प आठवत होते की पुसत होते, मला माहीत नाही. मग टेबलापलीकडच्या मुलाला म्हणाले, "परत विचार."

मुलानं परत विचारलं. "अपनी मर्ज़ी से भेजा था?"

"नहीं."

"पूरा?"

"पूरा नहीं दिया. कुछ नहीं दिया. लिख."

कापड कापताना जशी कातर एकदा चालवली की थांबत नाही, तशी त्यांनी सही केली. बाहेर आल्यावर मात्र पायरीवर बसले. मी पाण्याची बाटली दिली तर घेतली नाही.

"मी खोटं बोललो का गे?"

"नाही काका. तुम्ही खरं बोललात. तुम्हाला फसवलं."

"फसवलं ते खरं. पण दिलं नाही, हे?" मी बाटलीचं झाकण लावलं. मग ते म्हणाले, "आता देवीला कळवायचं कसं? संकल्प मागं घेतला म्हणून?"

लोकांचे अर्ज मी लिहून देते. मजुरीचे, पेन्शनचे, चुकलेल्या नावाचे. या अर्जाचा मायना मला सुचला नाही. गेंदाबाईनं पदर खोचला आणि म्हणाली, "देवी को सब मालूम है. चलो, कॉलेज में बोलना है के थोड़ी देर लगेगी."

कॉलेजनं तारीख वाढवून दिली, ती गेंदाबाईच्या तोंडामुळे. ती तिथल्या कचेरीत जाऊन बसली आणि उठलीच नाही. पुढं अडकलेल्या रकमेतलं अर्धंमुर्धं परत आलं. ममताच्या फीपुरतं होतं, आणखी फारसं नाही. काकांनी ते त्याच दिवशी पाठवलं. पिन ममतानं टाकला, काकांनी फोन नुसता धरून ठेवला होता. ममता आता इंदूरला आहे. तिच्या पांढऱ्या गणवेशाचं माप काकांनीच घेतलं.

त्यांच्या स्वतःच्या पैशाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. पण दिवाळी झाल्यावर एक दिवस दुकानाला कुलूप घातलं आणि मला म्हणाले, "देवीकडं जाऊन येतो."

मला राग आला. "आता काय द्यायला चाललात? अजून काही उरलंय?"

"द्यायला नाही गे. सांगायला."

हातात एक कापडी पिशवी, तीत धोतरजोडी आणि दशम्या. नारळ नाही, ओटी नाही, काही नाही. ज्या घराण्यातून दोन पिढ्या कुणी गेलं नव्हतं, त्यातला माणूस देवीकडं रिकाम्या हातानं निघाला होता. मी त्यांना इंदूरच्या बसमध्ये बसवून दिलं. खिडकीतून म्हणाले, "माडीवर नळाला पाणी येतंय का बघ."

आठवड्यानं परतले. काळवंडलेले, थकलेले. मी चहा घेऊन खाली गेले.

"भेटली देवी?"

"भेटली." बशीत चहा ओतला. "तिथलं मराठी मला धड कळलं नाही. भराभर बोलतात, हेल काढून. दारावर एक बाई मजवर ओरडली, ती काय म्हणाली ते मला अजून ठाऊक नाही. म्हटलं, हे खरं ठिकाण."

मी हसले. ते हसले नाहीत.

"मग सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"की तुझ्या नावानं सोडलं होतं. गेंदाच्या पोरीसाठी परत घेतलं. सगळं घेतलं, माझंसुद्धा. तुला काही दिलंच नाही असं कागदावर लिहून आलोय."

"मग?"

त्यांनी बशी तोंडाला लावली, रिकामी केली, खाली ठेवली.

"मग काय. मागून रांग रेटत होती. पुजारी म्हणाला, चला पुढं. मी पुढं झालो."